सीईटीला महिना उरला असताना

बारावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये संपते आणि एप्रिलमध्ये एमएचटी-सीईटी दारात येऊन उभी राहते. मधल्या चार-पाच आठवड्यांत बहुतेक घरांतलं टेबल सारखंच दिसतं. त्यावर दोन-तीन प्रकाशनांचे जाडजूड एमसीक्यू संच असतात, क्लासचं क्रॅश कोर्सचं वेळापत्रक असतं आणि मोबाइलमध्ये टेलिग्रामवरच्या पीडीएफचा ढीग असतो. यातलं आधी काय उघडायचं हे ठरवण्यातच सकाळ जाते. अभियांत्रिकी, फार्मसी किंवा कृषीसाठी सीईटी देणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं आहे की यातला निम्मा पसारा आजच उचलून माळ्यावर टाका. शेवटच्या महिन्यात नवा संच विकत घेऊन कुणाचा पर्सेंटाइल वाढला असेल, तर तो अपवाद समजा. या दिवसांत गुण वाढतात ते जे येतं तेच घड्याळ लावून करता येऊ लागल्यामुळे, कारण ही परीक्षाच तशी बेतलेली आहे.

आराखडा सगळ्यांनी वाचलेला असतो, पण त्याचा हिशेब फार थोडे जण मांडतात. पीसीएम गटाला फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० असे १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, वेळ ९० मिनिटं. त्यानंतर गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ पुन्हा ९० मिनिटं. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात आणि गणितात १०८. एकूण २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे आहेत. असं असताना तीन विषयांना दिवसाचे समान तास वाटून देणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. गणितात अगदीच कच्चे असाल तर गोष्ट वेगळी. मग फिजिक्स-केमिस्ट्रीतच गुण गोळा करावे लागतील. पण मध्यम तयारी असलेल्या मुलाने दिवसातला सर्वांत ताजा वेळ गणिताला द्यावा. पीसीबीवाल्यांचं गणित असंच आहे. बायोलॉजीचे १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं.

दुसरी गोष्ट, दोन भागांमधली भिंत पक्की असते. पहिली ९० मिनिटं फक्त फिजिक्स-केमिस्ट्री उघडं असतं. ती संपली की तो भाग बंद होऊन पुढचा उघडतो. केमिस्ट्रीत वाचवलेली दहा मिनिटं गणिताला नेता येत नाहीत. ती फिजिक्सलाच वापरायची असतात, आणि सीईटीतली खरी लढाई इथेच आहे. बहुतेक मुलं पडद्यावर पहिला दिसतो म्हणून फिजिक्सचा पहिला प्रश्न सोडवायला घेतात, तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला आकडेमोडीत अडकतात, आणि घड्याळाकडे लक्ष जातं तेव्हा पंचावन्न मिनिटं संपलेली असतात. मग केमिस्ट्रीचे ५० प्रश्न उरलेल्या पस्तीस मिनिटांत धावत करायचे. गंमत म्हणजे केमिस्ट्री पस्तीस मिनिटांत होतेच, पण शांत डोक्याने आणि आधी केली तर. नंतर, घाईत केली की ‘इनकरेक्ट’ हा शब्द डोळ्यांसमोरून निसटतो. म्हणून आजपासूनच्या प्रत्येक सराव परीक्षेत केमिस्ट्री आधी घ्या. ३० ते ३५ मिनिटांत तिचा एक फेरा संपवा, अडलेले प्रश्न खूण करून सोडा आणि मग फिजिक्सला हात घाला. ज्यांचं फिजिक्स मुळातच पक्कं आहे त्यांनी उलटं करून पाहावं. मात्र क्रम कोणता हे परीक्षेच्या दिवशी ठरवायचं नाही. दोन-तीन सराव परीक्षांतले गुण समोर ठेवून ते आत्ताच ठरवून टाका.

अकरावीबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण गुण सर्वांत स्वस्तात मिळतात ते इथे, आणि मुलं पाठ फिरवतात तीही इथेच. सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. फिजिक्सचे १०, केमिस्ट्रीचे १० आणि गणिताचे १० प्रश्न अकरावीवर, म्हणजे २०० पैकी ४० गुण. त्यातही सगळी अकरावी नाही, ठरावीक धडेच आहेत. फिजिक्सला व्हेक्टर्स, एरर अ‍ॅनालिसिस, मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, थर्मल प्रॉपर्टीज, साउंड, ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि सेमिकंडक्टर्स. गणिताला सरळ रेषा, वर्तुळ, कॉनिक सेक्शन्स, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी, प्रोबॅबिलिटी, मेजर्स ऑफ डिस्पर्शन आणि ट्रिगोनोमेट्रीचा दुसरा भाग. पीसीबीच्या मुलांना अकरावीच्या बायोलॉजीतले तर मोजकेच धडे आहेत. बायोमॉलिक्यूल्स, रेस्पिरेशन, ह्यूमन न्यूट्रिशन आणि एक्सक्रीशन. सीईटी कक्षाने तुमच्या वर्षासाठी जाहीर केलेली यादी मात्र एकदा डोळ्यांखालून घालाच. क्लासच्या नोट्समध्ये जुनी यादी तशीच राहिलेली असू शकते.

अकरावी आता परत कुठे करत बसायची, हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. वेगळी करत बसूच नका, तिला बारावीच्या धड्याशी बांधून टाका. अकरावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि बारावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स एकाच दुपारी. अकरावीचे सेमिकंडक्टर्स आणि बारावीची सेमिकंडक्टर डिव्हायसेस एका बैठकीत. साउंड करा आणि लगेच सुपरपोझिशन ऑफ वेव्ह्ज. सरळ रेषा झाली की पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, प्रोबॅबिलिटी झाली की प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन्स, लिमिट्स-कंटिन्युइटीच्या पाठोपाठ डिफरन्सिएशन. केमिस्ट्रीत हायड्रोकार्बन्स वाचून हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्जकडे गेलात की अर्ध्या रिअ‍ॅक्शन्स ओळखीच्या निघतात. असं केलं की अकरावी ‘वेगळा पोर्शन’ राहत नाही, आणि पोर्शन राहिल्याची जी टोचणी मनाला लागून असते ती कमी होते. जोड नसलेले धडे थोडेच उरतात. मेजर्स ऑफ डिस्पर्शनसारखा धडा तर एका संध्याकाळचं काम आहे.

पुस्तकांचं म्हणाल तर बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं हातात ठेवा. बोर्डाच्या वेळी तुम्ही प्रश्नोत्तरं आणि डेरिव्हेशन्स वाचली. आता धड्यामधल्या चौकटी वाचा. ‘रिमेंबर धिस’, ‘डू यू नो’, ‘कॅन यू टेल’ अशा मथळ्यांखाली जे दोन-चार ओळींचं लिहिलेलं असतं, ते बोर्डाला कुणी विचारत नाही म्हणून मुलांनी सोडून दिलेलं असतं. एक गुणाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नाला नेमका तेवढाच ऐवज लागतो. केमिस्ट्रीतल्या तक्त्यांचंही तसंच. ग्रुप १६, १७, १८, ट्रान्झिशन एलिमेंट्स, पॉलिमर आणि त्यांचे मोनोमर, ग्रीन केमिस्ट्री हे धडे समजून घेण्यापेक्षा पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून घालण्याचे आहेत. रोज रात्री झोपण्याआधी वीस मिनिटं त्यांना द्या. त्यांना एक पूर्ण दिवस देऊ नका, त्या दिवशी पाठ केलेलं आठवड्यात उडून जातं.

आता सराव परीक्षांकडे येऊ. किती द्याव्यात यावर क्लासवाले स्पर्धा लावतात. कुणी तीस सांगतो, कुणी पन्नास. माझ्या मते आठवड्याला दोन किंवा तीन पूर्ण परीक्षा पुष्कळ झाल्या. अट एकच, तीन तासांची परीक्षा दिली की ती तपासायला आणि समजून घ्यायला किमान तितकाच वेळ द्यायचा. परीक्षा दिली, गुण पाहिले, स्टेटसला टाकले आणि दुसऱ्या दिवशी पुढची दिली, तर तुम्ही फक्त स्वतःच्या चुकांचा सराव करता आहात.

तपासायचं कसं ते एका पानावर दाखवतो. एक शंभर पानी वही घ्या. तिचं नाव चुकांची वही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायची. ‘म’ म्हणजे मला हे माहीतच नव्हतं. ‘आ’ म्हणजे माहीत होतं, वेळेवर आठवलं नाही. ‘वा’ म्हणजे वाचण्यात किंवा आकड्यांत चूक. मग एकेका ओळीत नेमकं काय झालं ते लिहायचं. उदाहरणार्थ:

केमिकल कायनेटिक्स, आ: फर्स्ट ऑर्डरच्या हाफ लाइफला ०.६९३ भागिले के, मी झीरो ऑर्डरचं सूत्र लावलं.
कायनेटिक थिअरी, वा: तापमान २७ अंश सेल्सिअस दिलं होतं, ३०० केल्विन केलंच नाही.
रोटेशनल डायनॅमिक्स, वा: डायमीटर दिला होता, रेडियस समजून घातला.
कोऑर्डिनेशन कंपाउंड्स, म: आयसोमर किती हे मोजताच येत नाही.

दोन-तीन परीक्षांनंतर या वहीत तुमचा स्वभाव दिसू लागतो. ‘वा’च्या खुणा सर्वांत जास्त असतील, आणि बहुतेकांच्या असतात, तर आणखी धडे वाचून काही होणार नाही. प्रश्नातलं एकक आणि ‘नॉट’, ‘इनकरेक्ट’, ‘एक्सेप्ट’ हे शब्द कच्च्या कागदावर उतरवून मगच सोडवायची सवय लावा. ‘आ’ जास्त असतील तर सूत्रांची उजळणी रोजची करा. आणि ‘म’ जास्त असतील तर त्यातून निवड करा. ज्या धड्याला एक-दोन तासांत हात लागू शकतो तो घ्या. ज्याला चार दिवस लागतील तो सरळ सोडून द्या. धडा सोडायला मुलांना फार जीवावर येतं आणि आई-वडिलांना त्याहून जास्त. पण २०० पैकी सगळे गुण मिळवायला कुणी बसलेलं नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत हीच वही तुमचं मुख्य पुस्तक असेल.

शेवटच्या महिन्यातला वेग हा हात चालवण्यापेक्षा पाहण्याचा असतो. एक प्रश्न पाहा. वर्गमूळ एक्स भागिले (वर्गमूळ एक्स अधिक ९ वजा एक्सचं वर्गमूळ), याचं २ ते ७ या सीमांमधलं इंटिग्रल काढा. बोर्डाच्या पद्धतीने जाणारा मुलगा आय बरोबर असं लिहून प्रॉपर्टी लावतो, दुसरं समीकरण मांडतो, बेरीज करतो, टू आय काढतो. उत्तर बरोबर येतं, दोन मिनिटं जातात. ज्याने डेफिनिट इंटिग्रेशन नीट घोटलंय त्याला दिसतं की दोन्ही सीमांची बेरीज ९ आहे आणि छेदात तोच ९ बसला आहे, म्हणजे उत्तर सीमांमधल्या अंतराच्या निम्मं. ७ वजा २ भागिले २, पाच छेद दोन. दहा सेकंद. अशा युक्त्यांची यादी बाजारात मिळते, पण पाठ केलेली युक्ती ऐन वेळी चुकीच्या प्रश्नाला लावली जाते. छेदात ९ ऐवजी १० असता तर ही युक्ती चालली नसती, हे ज्याला कळतं त्यानेच ती वापरावी. म्हणून सराव परीक्षेत बरोबर आलेले पण दोन मिनिटांहून जास्त खाल्लेले गणिताचे प्रश्नही वहीत उतरवा आणि आखूड रस्ता आहे का ते शोधा. इनडेफिनिट इंटिग्रेशनमध्ये प्रश्न सोडवण्यापेक्षा पर्यायाचं डिफरन्सिएशन करणं कधी कधी लवकर होतं. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये पर्याय समीकरणात घालून पाहता येतो. ट्रिगोनोमेट्रीत शून्य किंवा ३० अंश घालून दोन पर्याय उडवता येतात. हे करण्यात कमीपणा काही नाही. वस्तुनिष्ठ परीक्षेत उत्तराचा मार्ग कुणी तपासत नाही.

कॅल्क्युलेटर नसतो, तेव्हा आकडेमोड हाताने करायची. तिला वळण लावायला महिना पुरतो. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, २.३०३, ०.६९३, दहाचं वर्गमूळ साधारण ३.१६, पायचा वर्ग जवळपास १०. एवढं जिभेवर असू द्या. आणि आकडेमोडीत शिरण्याआधी पर्यायांकडे पाहा. पर्याय एकमेकांपासून लांब असतील तर ८.३१४ गुणिले ३०० करायला कागद कशाला लागतो? ते २५०० धरा आणि पुढे चला. पर्याय अगदी जवळजवळ असतील तेव्हाच नेमका गुणाकार करायचा.

सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. हे वाक्य प्रत्येकाला पाठ असतं, तरी प्रश्न कोरे सोडून येणारी मुलं असतातच. विशेषतः जेईई आणि नीटची तयारी करणारी. तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण जातो म्हणून हात आखडायची सवय लागलेली असते, आणि जेईई मेनचं दुसरं सत्र तर एप्रिलमध्येच असतं. इकडे हिशेब सरळ आहे. गणितात १२ प्रश्नांना हातच लागला नाही आणि सगळ्यांवर डोळे मिटून पर्याय टिक केले, तरी सरासरीने तीन बरोबर येतात, म्हणजे सहा गुण. दोन पर्याय उडवता आले तर तेच बारा गुणांपर्यंत जातं. त्यामुळे प्रत्येक भागाची शेवटची तीन मिनिटं कोऱ्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. सगळीकडे ‘सी’ टिक केला तर जास्त बरोबर येतात ही भाकडकथा आहे. एकच अक्षर ठरवून ठेवण्याचा फायदा एवढाच की विचार करण्यात वेळ जात नाही.

जेईईवाल्यांना आणखी एक सांगायचं आहे. सीईटी तुम्हाला सोपी वाटते, आणि ती सोपी आहेही, पण सोपा प्रश्न ५४ सेकंदांत सोडवणं हे वेगळं कसब आहे. जेईईच्या सवयीने प्रत्येक प्रश्नात खोल शिरणारी हुशार मुलं इथे मागे पडताना मी पाहिली आहेत. नीटवाल्यांनी एनसीईआरटी कितीही पाठ केलेलं असलं तरी सीईटीआधी राज्य मंडळाचं बायोलॉजीचं पुस्तक एकदा तरी पूर्ण वाचावं. सीईटीचा अभ्यासक्रम त्या पुस्तकावर आहे, आणि धड्यांची मांडणी व उदाहरणं बऱ्याच ठिकाणी वेगळी आहेत.

परीक्षा संगणकावर असते. शहरातल्या मुलांना यात विशेष काही वाटत नाही. पण तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजमधल्या ज्या मुलाचा सगळा अभ्यास कागदावर आणि मोबाइलवर झालाय, त्याला पडद्यावरचा प्रश्न वाचून, मान खाली घालून कागदावर सोडवून, पुन्हा मान वर करून माउसने पर्याय निवडायचा आहे. या मान वर-खाली करण्यातच आकडा चुकतो. मोबाइलवर सराव परीक्षा देणं हे यावरचं उत्तर नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, ओळखीच्या सायबर कॅफेत, कुणाच्या तरी लॅपटॉपवर, पण निदान तीन-चार पूर्ण परीक्षा मोठ्या पडद्यावर द्या. कच्च्या कागदावर प्रश्न क्रमांक घालून काम करायची सवय लावा, म्हणजे पुन्हा त्या प्रश्नाकडे आलात की पहिल्यापासून मांडावं लागत नाही. आणि ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे बोटांना सवयीचं होऊ द्या.

परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत चालते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. समजा तुमच्या सत्रात २०,००० मुलं बसली आणि त्यातल्या १९,००० मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, तर तुमचा पर्सेंटाइल ९५. तुमची तुलना तुमच्या सत्रातल्या मुलांशीच होते. तेव्हा मित्राचा पेपर सोपा गेला आणि माझा अवघड आला, यावर रडण्यात अर्थ नाही. अवघड पेपर तुमच्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. पहिली दोन-तीन सत्रं झाली की टेलिग्रामवर ‘आज आलेले प्रश्न’ फिरू लागतात. त्यातून कोणत्या धड्याचं वजन कसं आहे याचा थोडाफार अंदाज येतो, यापलीकडे काही मिळत नाही. ‘तुमच्या सत्राचा पेपर आमच्याकडे आहे’, ‘पर्सेंटाइल वाढवून देतो’ असं म्हणत पैसे मागणारा फोन आला तर तो चोराचा फोन आहे, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पेपरमध्येच चूक असेल तर काय करायचं, हेही आधी माहीत असलेलं बरं. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते आणि ५ मे रोजी त्या मुलांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. त्या दिवशी कित्येकांनी आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून एकेक प्रश्न तीन-तीनदा सोडवला असणार. काढलेलं उत्तर पर्यायांत नसेल तर एकदाच तपासा, प्रश्न क्रमांक लक्षात ठेवा, काहीतरी पर्याय निवडा आणि पुढे जा. परीक्षेनंतर उत्तरतालिका जाहीर होते, आपली उत्तरं पाहता येतात आणि ठरावीक शुल्क भरून आक्षेप नोंदवता येतो. भांडायचं ते तिथे, परीक्षेच्या खुर्चीत नाही.

२०२६-२७ च्या प्रवेशांपासून पीसीएम आणि पीसीबीची सीईटी दोनदा घेण्याचा निर्णय झाला आहे. पहिली एप्रिलमध्ये, दुसरी मेमध्ये ऐच्छिक, आणि दोन्हींतला चांगला पर्सेंटाइल धरला जाणार. सोय चांगली आहे, पण ‘पहिली नुसती देऊन बघू’ म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते. मे महिन्यात थकवा, लग्नसराई, उकाडा आणि नीट हे सगळं एकत्र असतं. तयारी एप्रिलचीच करा.

शेवटच्या आठवड्यात पूर्ण परीक्षा एक, फार तर दोन. त्याही आपल्या सत्राच्या वेळेलाच. सत्र सकाळचं असेल तर रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करणाऱ्यांनी झोपेची वेळ निदान आठ दिवस आधी मागे आणायला सुरुवात करावी. नऊ वाजता डोकं चालायला हवं तर साडेपाच-सहाला उठलेलं असावं लागतं, आणि ही सवय एका रात्रीत लागत नाही. केंद्र बाहेरगावी असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा. पहाटेच्या एसटीवर भिस्त ठेवू नका. प्रवेशपत्रावर हजर राहण्याची वेळ परीक्षेच्या बऱ्याच आधीची असते आणि दार बंद झालं की विनवण्या चालत नाहीत. मूळ फोटो ओळखपत्र बरोबर ठेवा आणि त्यावरचं नाव प्रवेशपत्रावरच्या नावाशी जुळतंय का ते आजच पाहा. एप्रिलच्या उन्हात बाहेरचं तळलेलं आणि बर्फाचे गोळे आठवडाभर बंद. हे आई सांगते तेव्हा कुणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहिलं.

आई-वडिलांनी या महिन्यात रोज ‘किती झालं?’ असं विचारायचं टाळलं तरी अर्धं काम होईल. दुसरं अर्धं काम कागदपत्रांचं आहे, आणि ते मुलाचं नसून तुमचं आहे. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, राखीव प्रवर्गासाठी जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर ईडब्ल्यूएसचा दाखला. नॉन-क्रिमीलेअर प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. गेल्या वर्षी काढलेलं घरात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तारीख पाहा. जात वैधतेची फाइल पडताळणी समितीकडे अडकली असेल तर आत्ताच पाठपुरावा सुरू करा. निकाल लागला की सगळा जिल्हा एकाच वेळी सेतू केंद्रावर येतो.

आणि बोर्डाचे गुण आता कामाचे नाहीत, असंही समजू नका. अभियांत्रिकीसाठी महाराष्ट्रातल्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला बारावीत पात्र विषयांना मिळून किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. सीईटीत चांगला पर्सेंटाइल असूनही या अटीवर अडकलेली मुलं असतात. शिवाय सीईटीचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरला, हा अनेक घरांतला समज चुकीचा आहे. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्यांसाठी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नव्याने नोंदणी करावी लागते, कागदपत्रांची पडताळणी होते आणि त्यानंतर कॉलेजांचे पर्याय भरायचे असतात. त्या नोंदणीची मुदत चुकली तर हातातला पर्सेंटाइल त्या वर्षी कॅप फेऱ्यांत वापरता येत नाही.